हे कोण म्हणतं?

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून द्या, असा निरोप आला, तेव्हा मला आधी आठवली ती सहावीच्या सहामाहीची इतिहासाची उत्तरपत्रिका. 'गौतमीपुत्र सातकर्णीची कामगिरी लिहा' असा पाच गुणांचा प्रश्न होता. मी दीड पान लिहिलं होतं. शक, यवन, पल्हव यांचा नाश केला, क्षहरात कुळाचं निर्मूलन केलं, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, तो प्रजेच्या सुखदुःखात सहभागी होता. सगळं बरोबर, पुस्तकातलं. गुण मिळाले दोन. आणि समासात लाल शाईने लिहिलं होतं, 'हे कोण म्हणतं?'

आपल्या इतिहासाच्या सरांचं नाव इथे लिहीत नाही. खडूने पांढरी झालेली उजवी बाही एवढं सांगितलं तरी पुरे. हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारायचे. आपल्याला तेव्हा वाटायचं की ते रागावले आहेत. मी घरी रडलो होतो. 'पुस्तक म्हणतं,' एवढंच उत्तर मला ठाऊक होतं, आणि ते त्यांना चालणार नाही हेही ठाऊक होतं.

नोकरीतून मोकळा झाल्यावर मी त्या प्रश्नाच्या मागे लागलो. सर, ही पुरवणी समजा. चाळीस वर्षांहून अधिक उशिरा जोडतो आहे. वाढीव गुण मिळाले तर घेईन.

माझ्या उत्तरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य नाशिकच्या एका भिंतीवरून आलेलं होतं. पांडवलेण्यांतलं तिसऱ्या क्रमांकाचं लेणं. पायथ्यापासून बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघे शाबूत असतील त्यांनी सकाळी लवकर जावं. ओसरीच्या खालच्या बाजूला सहा धिप्पाड मूर्ती आहेत, सगळं लेणं खांद्यावर तोलून धरल्यासारख्या. आत ओसरीच्या मागच्या भिंतीवर, दाराच्या वर, ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात कोरलेला लांबलचक लेख आहे. तोच हा. 'तिसमुदतोयपीतवाहन' हे त्यात आहे. 'सकयवनपल्हवनिसूदन' आहे. शत्रूने अपराध केला तरी त्याचा जीव घेणं राजाला आवडत नसे, हेही आहे. धर्माला धरून असेल तेवढाच कर तो घेत असे, हेही.

पण हे म्हणतं कोण? लेखाच्या शेवटाकडे उत्तर आहे. हे म्हणते त्याची आई. गौतमी बलश्री.

आणि ती हे केव्हा म्हणते? लेखावर साल आहे, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याचं १९ वं वर्ष. पुळुमावी हा गौतमीपुत्राचा मुलगा. म्हणजे लेख कोरला तेव्हा गौतमीपुत्राला जाऊन वर्षं लोटली होती, गादीवर नातू होता, आणि म्हातारी आजी मुलाचे गुण दगडावर लिहवून घेत होती. ते लेणं तिने भदायनीय पंथाच्या भिक्षूंना दान केलं, आणि दानाच्या निमित्ताने मुलाबद्दल जे जे सांगायचं होतं ते सगळं सांगून टाकलं. तो आईच्या सेवेत कधी खंड पडू देत नसे, हे विशेषणसुद्धा त्या यादीत आहे. मोठमोठ्या विजयांच्या रांगेत ते येतं. पाठ्यपुस्तकाने तेवढं एक गाळलं होतं.

हे कळल्यावर मला आधी वाटलं, संपलं. आईने मुलाचं केलेलं कौतुक आपण इतिहास म्हणून पाठ करत होतो. आपल्यापैकी कुणाच्या आईला विचारलं असतं तर तिनेही आपल्याबद्दल तीन समुद्रांपर्यंत काहीतरी सांगितलंच असतं.

त्याच ओसरीच्या बाजूच्या भिंतीवर आणखी दोन लहान लेख आहेत. बहुतेक लोक मोठा लेख बघून परततात, मीही पहिल्या खेपेला परतलो होतो. हे दोन्ही लेख म्हणजे राजाचे सरकारी हुकूम आहेत, त्याच्या हयातीतले. पहिला त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षीचा, विजयी सैन्याच्या छावणीतून निघालेला. गोवर्धनचा, म्हणजे आजच्या नाशिक भागातला, अमात्य विण्हुपालित याला राजा कळवतो की पश्चिमेकडच्या कखडी गावातलं २०० निवर्तनं शेत, जे आजवर उषवदाताकडे होतं, ते या डोंगरावरच्या भिक्षूंना दिलं आहे. उषवदात म्हणजे क्षहरात राजा नहपान याचा जावई. म्हणजे लढाई नुकतीच संपलेली आहे आणि जिंकलेल्या जमिनीचं वाटप चालू आहे.

दुसरा हुकूम २४ व्या वर्षीचा. त्यात लिहिलं आहे की कखडी गावात आम्ही पूर्वी जे शेत दिलं होतं, ते शेत कसलं जात नाही आणि त्या गावात वस्तीही नाही. तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या आमच्या मालकीच्या जमिनीतलं १०० निवर्तनं शेत देतो आहोत.

मी महसूल खात्यात नव्हतो, पण आपल्यातले जे होते त्यांना या कागदाचं मोल कळेल. आपला आधीचा हुकूम वाया गेला, दिलेली जमीन पडीक राहिली आणि गाव ओस पडलं, हे दोन हजार वर्षांपूर्वीचा राजा स्वतः कबूल करतो आणि ते भिंतीवर कोरलं जातं. समुद्राचं पाणी पिणारे घोडे एकीकडे आणि हे ओसाड गाव एकीकडे. युद्धाने काय होतं हे मोठा लेख सांगत नाही, हा लहान लेख सांगतो. पाच गुणांच्या उत्तरात मला आज एकच मुद्दा लिहायला सांगितला तर मी हा लिहीन: दिलेलं दान खरोखर पोचलं का, हे त्याने सहा वर्षांनी पाहिलं आणि बदलून दिलं.

आणि हा दुसरा हुकूम एकट्या राजाचा नाही. तो राजाच्या आणि राजमातेच्या नावाने निघाला आहे. तिच्यासाठी त्यात एक शब्द आहे, 'जीवसुता'. जिचा मुलगा जिवंत आहे ती. या शब्दावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं आहे. राजा तेव्हा आजारी असावा आणि म्हणून आईने कारभारात हात घातला असावा, असा तर्क काहींनी केला आहे. मी तर्क करत नाही. मी फक्त त्या ओसरीत उभा राहून एकदा बाजूच्या भिंतीकडे बघितलं आणि एकदा दारावरच्या मोठ्या लेखाकडे. बाजूला ती 'जीवसुता' आहे. दारावरच्या लेखात तो शब्द नाही. तिथे ती राजाची आई आहे आणि राजाची आजी आहे.

तेव्हा सरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. उरलेलं अर्धं असं, की आई म्हणते ते खरं कशावरून?

इथे नाशिक जिल्ह्यातलंच जोगलटेंभी मदतीला येतं. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. १३,२५० हून अधिक नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटवलेला. नहपानाच्या मुखवट्यावर तीन कमानींचा डोंगर आणि मागच्या बाजूला उज्जैन चिन्ह. नाणी वितळवली नाहीत, नवी पाडत बसला नाही. शत्रूच्याच नाण्यावर शिक्का मारला आणि बाजारात सोडलं. एका हातातून दुसऱ्या हातात जाणाऱ्या प्रत्येक नाण्याने सांगायचं की राज्य कुणाचं होतं आणि आता कुणाचं आहे. आईची साक्ष इथे खरी ठरते. क्षहरातांचा पराभव झाला होता, यात शंका नाही.

'निरवशेष केलं' हे मात्र तिने जरा वाढवून सांगितलं असावं. कारण त्याच पांडवलेण्यांत, थोड्याच अंतरावर, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाच्या त्या जावयाचे लेख आजही सुखरूप आहेत. गौतमीपुत्राच्या माणसांनी त्यांना छिन्नी लावली नाही. आपल्या वर्गातल्या बँकवाल्यांसाठी सांगतो: उषवदाताने गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले होते. २,००० वर महिना एक टक्का आणि १,००० वर महिना पाऊण टक्का. व्याजातून भिक्षूंच्या कपड्यांचा आणि किरकोळ खर्च. मुद्दलाला हात लावायचा नाही, हेही नमूद आहे. हरलेल्या माणसाची ही मुदत ठेव जिंकणाऱ्याने पुसली नाही. हे मी गौतमीपुत्राच्या कामगिरीत धरतो.

आता शत्रूची साक्ष. गुजरातेत जुनागढला, गिरनारच्या पायथ्याच्या खडकावर महाक्षत्रप रुद्रदामन याचा संस्कृत लेख आहे, इ.स. १५० च्या सुमाराचा. तो म्हणतो, दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला मी दोनदा उघड्या लढाईत हरवलं, पण जवळचं नातं असल्यामुळे त्याचा समूळ नाश केला नाही. नातं कसलं, ते कान्हेरीच्या एका लेखावरून कळतं. सातवाहनांच्या घरात एका महाक्षत्रपाची मुलगी सून म्हणून आली होती. सासरे-जावई लढत होते म्हणा ना. बलश्रीने शकांचा संहार झाल्याचं लिहिलं, आणि पुढे त्याच शकांशी सोयरीक झाली.

तिने मुलाचे जे नऊ देश मोजले, ते मी कागदावर लिहून काढले आणि त्यासमोर रुद्रदामनाची यादी मांडली. सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप आणि आकरावंती हे पाच देश रुद्रदामन आपले म्हणून सांगतो. नवातून पाच गेले, चार उरले. असिक, असक, मुळक आणि विदर्भ. मुळक म्हणजे पैठणच्या आसपासचा हा मुलूख, आपला. असक म्हणजे त्याच्या खाली गोदावरीने धरलेला, नांदेडच्या पुढे तेलंगणात जाणारा पट्टा. म्हणजे समुद्राचं पाणी प्यायलेले घोडे परत गोदाकाठी आले. माझ्या त्या दीड पानात यातला एक शब्द नव्हता. साम्राज्य वाढलं एवढंच आपण शिकलो. पुढच्या पिढीत त्याचं काय झालं, हा प्रश्न परीक्षेत येत नव्हता.

आता त्या भांडणाविषयी लिहायला हवं, कारण ज्याच्याशी झालं तो संमेलनाला येणार आहे. पैठणहून आलेला, वसतिगृहात राहणारा आपला मित्र. 'माझं नाव छापलंस तर बघ,' असं त्याने फोनवर बजावलं आहे, म्हणून छापत नाही. आपली सहल पैठणला गेली होती तेव्हा नाथांच्या समाधीचं दर्शन झालं, नाथसागर बघून झाला, आणि मग नागघाटावर उभं राहून त्याने सगळ्या वर्गाला शालिवाहनाची गोष्ट सांगितली. कुंभाराच्या घरी वाढलेला पोरगा, त्याने मातीचे सैनिक केले, त्यांच्यावर पाणी शिंपडून प्राण फुंकले, शत्रूला पळवून लावलं आणि त्या दिवसापासून शालिवाहन शक सुरू झाला, म्हणून आपण गुढी उभारतो. फार छान सांगितली होती. सरांनी ऐकून घेतली आणि विचारलं, 'हे कोण म्हणतं?'

तो म्हणाला, 'माझी आजी.'

सगळे हसले. सर हसले नाहीत. 'आजीला विचार, तिला कुणी सांगितलं,' एवढंच म्हणाले. पण मी मात्र परतीच्या एस.टी.त शहाणपणा केला. शक म्हणजे शकांचा, तो सातवाहनांचा कसा असेल, असं म्हणालो. हे मी कुठेतरी ऐकलेलं होतं, माझ्याकडेही पुरावा नव्हता. औरंगाबाद येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही, पुढेही कित्येक दिवस बोलला नाही. त्याच्या गावाची सगळ्यात मोठी गोष्ट मी हिसकावून घेतली होती.

पुरावा आता देतो. सातवाहनांच्या लेखांत साल कसं लिहितात ते वर आलंच आहे. राज्याचं १८ वं वर्ष, २४ वं वर्ष, नातवाचं १९ वं वर्ष. नवा राजा आला की पुन्हा एकपासून मोजणी. त्यांनी सलग चालणारा कुठलाच संवत वापरला नाही. उलट रुद्रदामनाच्या जुनागढच्या लेखात ७२ वं वर्ष असा उल्लेख आहे, आणि ती मोजणी इ.स. ७८ पासूनची आहे. म्हणजे तो शक चालवला तो सातवाहनांच्या शत्रूंनी. शालिवाहनाचं नाव त्याला चिकटलं ते कित्येक शतकांनंतर. शत्रूची कालगणना आपलीशी करून तिच्यावर आपल्या राजाचं नाव घालायचं, हे जोगलटेंभीच्या नाण्यांसारखंच झालं, फक्त इथे ठसा मारणारा राजा नव्हता, लोक होते. १९५७ साली भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका ठरवली तेव्हाही हाच शक घेतला.

हे सगळं मी मागच्या वर्षी पैठणला त्याच्या घरी बसून त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, 'ठीक आहे, शक नाही. पण पैठणचं काय? का तेही काढून घेतोस?'

पैठणचं काढून घेता येत नाही, कारण तिथे साक्षीदार परका आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तो म्हणतो, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून गोमेद जातीचे दगड गाड्या भरभरून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला येतात. तेरहून जाडंभरडं आणि तलम, दोन्ही प्रकारचं कापड येतं. त्याला आपल्या राजांचं कौतुक करायचं काही कारण नव्हतं. त्याला माल कुठे मिळतो एवढंच सांगायचं होतं. पुढे टॉलेमीने आपल्या भूगोलात पैठण ही पुळुमावीची राजधानी म्हणून नोंदवली, नाव थोडं मोडून, पण ओळखू येईल असं.

त्या काळच्या घाटवाटांतला एक नाणेघाट, जुन्नरजवळ. तिथल्या लेण्यात गौतमीपुत्राच्या बऱ्याच आधीची राणी नागनिका हिचा लेख आहे. यज्ञ कुठले केले आणि दक्षिणा किती दिली याचा तो हिशेब. ११,००० गाई, १,००० घोडे, २४,४०० कार्षापण, असे आकडे एकामागून एक. आकडे अंकांत कोरलेले आहेत, आणि आपल्या देशात अंक कसे लिहीत हे सांगणाऱ्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी हा एक आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज त्यांच्या पायांच्या खुणा राहिल्या आहेत आणि वर नावं: सिमुक सातवाहन, नागनिका आणि श्रीसातकर्णी, राजकुमार, महारठी. इथेही सांगणारी बाईच. वंशाच्या सुरुवातीची हकीकत एका राणीकडून आणि ऐन भराची एका राजमातेकडून कळते, आणि आपण वहीत वंशावळ काढली तेव्हा चौकटीत फक्त पुरुषांची नावं घातली. खुद्द राजे मात्र आईचं नाव लावत होते. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र.

मित्राला मी शेवटी पितळखोऱ्याला घेऊन गेलो. कन्नड तालुक्यातलं, गौताळ्याच्या बाजूचं. वेरूळ-अजिंठ्याच्या नादात आपण इतकी वर्षं तिकडे फिरकलो नाही. दरीत उतरून जावं लागतं, डोंगराचा बराच भाग ढासळलेला आहे. तिथल्या खांबांवर देणगीदारांची नावं आहेत. त्यात पतिठाणचा, म्हणजे पैठणचा, गंधिक मितदेव आहे. सुगंधी द्रव्यं विकणाऱ्या घरातला. राजवैद्य मगिल याच्या मुलामुलींची नावं आहेत. आणि तिथे सापडलेल्या, आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेल्या एका हसऱ्या, बुटक्या यक्षाच्या हातावर कोरलं आहे की ही मूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने केली.

मित्र त्या खांबाजवळ बराच वेळ थांबला. मला अक्षरं एकेक करून वाचून दाखवायला लावली. 'पतिठाण' या शब्दावर त्याने बोट धरलं, स्पर्श न करता, थोडं दुरून. मग म्हणाला, 'हे कोण म्हणतं, ते इथे विचारायला नको. तो स्वतःच म्हणतोय.'

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शाळेच्या फाटकापासून पितळखोऱ्याला जायला गाडी ठरवली आहे. पायऱ्या आहेत, काठी आणावी, पाणी आणि डबा बरोबर घ्यावा. पुढच्या सीटवरची जागा सरांसाठी ठेवली आहे. गुढीपाडव्याची गोष्ट परतीच्या वाटेवर मित्रच सांगणार आहे, मातीच्या सैनिकांसकट. मी मध्ये बोलणार नाही.